रोला कॅम्प, तीर्थन खोरं: कुकर सोबत न्या

भाच्याने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं रे?" तो म्हणाला, "मावशी, तिथे नळच नाही."

तिथेच विषय संपायला हवा होता. पण दिवाळीत माझे डबे बंद असतात. डोंबिवलीत मी रोज एकतीस डबे देते. पोरं दिवाळीला आपापल्या गावी जातात, तेवढेच आठ दिवस मला कुणाच्या पोळ्या मोजाव्या लागत नाहीत. आमचे हे म्हणाले, तू जा, मी घरी आराम करतो. भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी मी, भाचा आणि भाचेसून चंदीगडच्या विमानात होतो. माझी बॅग अकरा किलो भरली. त्यात पावणेदोन किलोचा कुकर होता. त्या कुकरवरून भाचेसुनेने विमानतळापासून जे हसायला सुरुवात केली ती पुढे दीड दिवस थांबली नाही.

रोला ही जागा हिमाचलात कुल्लू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये, तीर्थन नदीच्या काठावर आहे. उंची साधारण 2100 मीटर. या पार्कची घोषणा 1984 मध्ये झाली, अंतिम अधिसूचना 1999 मध्ये निघाली आणि 2014 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपला कास ज्या पश्चिम घाटाच्या नावाखाली यादीत आहे त्याला 2012 मध्ये तो मान मिळाला, म्हणजे या बाबतीत आपण दोन वर्षांनी मोठे. मात्र कासला पार्किंगसाठी रांग लागते. रोलाला गाडी पोचतच नाही. पार्कचं क्षेत्रफळ साडेसातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि आत मोटारीचा रस्ता नाही. जायचं ते पायी.

कसं जायचं ते सांगते, कारण आमचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला. चंदीगडहून रात्रीची मनालीची बस घ्यायची आणि औटला उतरायचं. औटचा बोगदा तीनेक किलोमीटरचा आहे. झोप लागली आणि बस बोगद्यात शिरली की तुम्ही कुल्लूच्या बाजूला निघालात. कंडक्टरला चढताना एकदा आणि मंडी गेल्यावर पुन्हा एकदा सांगा. आम्ही एकदाच सांगितलं होतं. भाच्याला ऐन वेळी जाग आली म्हणून बरं, मी तर कुकर मांडीवर धरून घोरत होते. औटहून लारजी, बंजार आणि मग गुशैणी. लारजीला बियास, सैंज आणि तीर्थन एकत्र येतात आणि तिथेच धरण आहे. पाणी हिरवंगार आणि अगदी निपचित होतं. टॅक्सीवाला म्हणाला, तीर्थनवर असं काही होऊ नये म्हणून खोऱ्यातले लोक कोर्टापर्यंत गेले. तेव्हा मी नुसतं "अच्छा" म्हटलं. धरणात साठलेलं पाणी आणि मोकळं पाणी यात काय फरक असतो ते मला दोन दिवसांनी कळलं.

गुशैणीच्या थोडं आधी साई रोपाला पार्कचं केंद्र आहे. तिथे परवान्याचं काम होतं. ओळखपत्राच्या झेरॉक्स घरूनच न्या. सोबत गावातलाच गाईड घ्यायचा. आमच्याबरोबर एक गाईड आणि एक पोर्टर असे दोघे होते. पोर्टरच्या पाठीवर पाच किलोचा छोटा सिलिंडर, शेगडी, आमचे तंबू आणि सगळ्यांत वर माझा कुकर. तो उचलताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पट्टा आवळला.

गुशैणी ते रोला दहा किलोमीटर म्हणतात. चढ फार नाही, सगळं मिळून पाचेकशे मीटर. पण वाट सारखी वर-खाली होते आणि माझे गुडघे छप्पन्न वर्षांचे आहेत. तरुण मंडळी चार तासांत पोचतात, मला सहा लागले. डाव्या-उजव्या हाताला नदी सतत असते, अधूनमधून लाकडी पूल लागतात. गावं संपली की खनोरची झाडं सुरू होतात. खनोर म्हणजे त्यांचं रानटी चेस्टनट. त्या दिवसांत पानं पिवळी झाली होती आणि वाटेवर चकचकीत तपकिरी बिया पडल्या होत्या. मी ओंजळभर उचलल्या. गाईड म्हणाला, आंटीजी, कडू आहेत, तशाच खाऊ नका. आमच्याकडे पूर्वी बरेच दिवस वाहत्या पाण्यात ठेवून मग त्यांचं पीठ करायचे. मी विचारलं, भाकरी थापली जाते का त्याची? तो हसला. अशा प्रश्नाची त्याला सवय नसावी.

पार्कचं फाटक ओलांडून थोडं पुढे गेलं की रोला. आता आहे काय तिथे? नदीकाठी झाडांमध्ये थोडी सपाट जमीन. वनखात्याची झोपडी. मोठमोठे धोंडे. मोबाइलची रेंज वाटेतच गेली होती. वीज नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. संडासाची पक्की सोय गृहीत धरू नका. आम्ही गाईडने दाखवलेल्या बाजूला, नदीपासून चांगलं सत्तर-ऐंशी पावलं लांब, चर खणून भागवलं. गच्चीतल्या कुंड्यांचं खुरपं मी घरून आणलं होतं. त्यावरही हसून झालं होतं. संध्याकाळपर्यंत ते खुरपं रांगेने मागून नेत होते.

त्या बाजूला जाताना एक गोष्ट सांभाळा. बिच्छू बूटी. दिसायला साधी, तुळशीच्या मोठ्या पानासारखी, अंगावर बारीक पांढरी लव. मी आधाराला हात टाकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत मिरचीचं वाटण फासल्यासारखं झालं. ओरडले पण नदीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. परत आले तेव्हा पोर्टरने जवळच उगवलेली जंगली पालकाची पानं चुरगाळून चोळली. दहा मिनिटांत आग उतरली, टोचणी मात्र रात्रभर राहिली. आणि वर तो सांगतो की याच बूटीची ते भाजी करतात, चिमट्याने तोडून उकळली की डंख जातो. मी कृती लिहून घेतली आहे. डोंबिवलीत करणार नाही, पण लिहून घेतली आहे.

तंबूबद्दल. आम्ही तंबू खोऱ्यातल्याच एका दुकानातून भाड्याने घेतले. दुकानाचं नाव देत नाही, कदाचित आमच्याच नशिबात तो तंबू असेल. पण घेताना उघडून, चेन तीनदा वर-खाली करून बघा. आमच्या तंबूची चेन पहिल्याच रात्री अर्ध्यात अडकली आणि दात सुटले. भाच्याच्या घड्याळात पहाटे चार अंश दाखवत होते आणि दाराला वीतभर फट. शेवटी कपडे वाळत घालायचे चिमटे कामाला आले. आठ चिमटे आणि तीन सेफ्टी पिना. स्लीपिंग बॅग तेवढ्या चांगल्या होत्या. त्यातही घरची एक जुनी सुती साडी आत अस्तर म्हणून घातली की अंगाला थंडगार नायलॉन लागत नाही. ही टीप कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

आता कुकर.

आमच्या आधी तिथे चार मुलं येऊन उतरली होती, चंदीगडकडची. त्यांनी राजमा आणला होता. आदल्या रात्री भिजवलेला, व्यवस्थित. दुपारी तीनला पातेल्यात चढवला होता. सहाला मी बघितलं तर पाणी खळखळतंय आणि राजमा दातांना टणक. सात वाजले, आठ वाजले. दर वीस मिनिटांनी एक जण झाकण काढून दाणा चेपून बघायचा आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवायचा. एव्हाना त्यांचा गॅस संपत आला होता.

यात त्यांची काही चूक नव्हती. त्या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशाच्या आसपासच उकळतं. कितीही मोठी आच लावा, उघड्या पातेल्यात त्याच्या वर जात नाही. नुसती वाफ जाते आणि गॅस जातो. घरी वरण चार शिट्ट्यांत होतं कारण कुकर आत दाब धरून ठेवतो आणि पाणी शंभराच्या बरंच वर नेतो. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. पूर्वी एकदा महाबळेश्वरला भाड्याच्या खोलीत पातेल्यात तूरडाळ शिजवायला बसले होते, तेव्हा शिकले. महाबळेश्वर तर याच्यापेक्षा सातशे मीटर खाली आहे.

मी उठले, त्यांचं पातेलं उचललं आणि राजमा कुकरमध्ये ओतला. तीन लिटरचा कुकर, दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा त्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर नदीच्या आवाजात शिट्टी नीट ऐकूही येत नव्हती. मी टॉर्च मारून शिट्टी उचललेली बघत मोजत होते. सात शिट्ट्या आणि मग बंद करून पंधरा मिनिटं. साडेनऊला नऊ माणसं जेवली. राजमा त्यांचा, भात आमचा, वर माझं लिंबाचं लोणचं, आणि शेवटी बेसनाचा एकेक लाडू. भाचेसून ताट पुसत म्हणाली, "मावशी, कुकर मी उतरवते हं उद्या." माझं काम झालं होतं.

दिवाळीचा फराळ बघून गाईड म्हणाला की त्यांच्याकडे काही गावांत महिन्याभराने पुन्हा दिवाळी करतात, बूढी दिवाली. म्हणजे चकली तेव्हासुद्धा चालेल, असं मी म्हटलं आणि उरलेला डबा त्याच्या घरी दिला. चिवडा मात्र नेऊ नका. पोहे दमट हवेत एका रात्रीत लोळागोळा झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घेऊन नदीवर गेले. मला वाटलं होतं, किती छान, अख्खी नदी आहे घासायला. साबणाची वडी काढली तोच गाईड धावत आला. साबण नाही, नदीत तर नाहीच. मी म्हटलं, अहो, हा लिंबाचा आहे, आयुर्वेदिक. त्यावर तो काही बोलला नाही. पाण्यात हात घालून त्याने एक बशीएवढा दगड उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. त्याच्या खालच्या बाजूला वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या चिकटल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मी नखाने एक हलकेच टोचली तर तिच्या टोकातून काळं डोकं बाहेर आलं आणि पाय हलवू लागलं. अळी होती. आपल्या अंगाभोवती वाळूचा एकेक कण चिकटवून तिने घर केलं होतं आणि त्यात ती राहत होती. एका दगडाखाली अशा तीसेक. मी दगड परत होता तसा ठेवायला लावला.

मग त्याने हात दाखवला. समोरच्या धोंड्यावर एक चॉकलेटी पक्षी, मैनेपेक्षा जरा लहान, शेपूट तोकडं, उठाबशा काढल्यासारखा खाली-वर होत होता. बघता बघता तो पाण्यात चालत गेला. उडी नाही, बुडी नाही, आपण पायऱ्या उतरतो तसा चालत उतरला आणि डोक्यावरून पाणी गेलं. मी आकडे मोजले. अकराला तो तीन हात पलीकडे बाहेर आला, चोचीत तीच अळी, वाळूच्या घरासकट. दगडावर आपटून घर फोडलं, आत जे होतं ते खाल्लं आणि परत पाण्यात. मी त्या दिवशी भांडी राखेने घासली, पाणी बादलीने वर आणून, आणि घासलेलं पाणी झाडाखालच्या खड्ड्यात ओतलं. कुकरचा तळ काळा राहिला तो अजून काळा आहे.

त्या दिवशी बाकीचे सगळे वरच्या शिल्ट कॅम्पच्या बाजूला चढून गेले. ती चढण सरळ अंगावर येते असं ऐकून मी नाही म्हटलं. गुडघ्यांच्या कृपेने मला सहा तास एकटीला मिळाले. सोबतीला पोर्टर होता, तो झोपडीच्या ओट्यावर झोपला. हिवाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: दरी इतकी अरुंद आहे की ऊन तळाशी साडेदहाला उतरतं आणि तीनच्या आत निघून जातं. तेवढ्या वेळात कपडे, हाडं आणि केस, काय वाळवायचं ते वाळवून घ्यायचं. उन्हाचा पट्टा सरकेल तशी मी माझी सतरंजी सरकवत होते. पाण्यात पाय घालून बघितले, वीस आकड्यांपर्यंत बोटं आहेत की नाहीत ते कळेना. तीन टोमॅटो आणि काकडी जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात दगडाखाली ठेवली होती, फ्रिज म्हणून. दुपारी बघते तर पिशवी नाही. सकाळी पाणी पोटरीपर्यंत होतं, दुपारीही तेवढंच दिसत होतं, पण त्यात ओढ इतकी की दगड कधी हलला ते कळलं नाही. लारजीच्या धरणातल्या पाण्यात ती पिशवी आठवडाभर तिथेच राहिली असती. पोहायचा विचार करणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

संध्याकाळी गाईडशी बोलणं निघालं. त्याचे आजोबा याच डोंगरांत मेंढ्या चारायचे आणि वसंतात गुच्छी, म्हणजे महागडी रानअळंबी, गोळा करून विकायचे. पार्क झाल्यावर आतली चराई आणि जडीबुटी बंद झाली. मी विचारलं, राग येत नाही? तो बराच वेळ शेगडीची ज्योत बघत राहिला. म्हणाला, आजोबांना मरेपर्यंत आला. वडिलांना अर्धा. मी तर आता तुमचा सिलिंडर वाहणाऱ्यांना काम देतो. मग त्याने उरलेलं खाणं गोणीत बांधून उंच टांगलं, कारण त्या दिवसांत अस्वलं खाली येतात. आम्हाला अस्वल दिसलं नाही. मोनाल पक्षीही दिसला नाही. ज्याच्यासाठी लोक इथे दुर्बिणी घेऊन येतात तो जुजुराणा पक्षी तर कुणाला सहजी दिसत नाहीच. प्राणी-पक्षी बघायच्या आशेने दोन रात्रींसाठी येऊ नका. मी एक चॉकलेटी पक्षी दीड तास पाहिला, मला तेवढा पुरला.

आवाजाबद्दल एक सांगायचं राहिलं. नदीकाठी शांतता असते हे ज्याने कुणी लिहिलंय तो असल्या नदीकाठी झोपलेला नाही. आमच्या घराच्या मागून लोकल जातात, त्या तरी रात्री दीड ते चार थांबतात. ही थांबत नाही. तंबूत शेजारी झोपलेल्या भाचेसुनेशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागायचं. हलकी झोप असेल तर कापसाचे बोळे न्या आणि तंबू पाण्यापासून जितका वर लावता येईल तितका लावा. आवाजासाठीही आणि डोंगरात वर कुठे पाऊस झाला तर पाणी अचानक वाढतं त्यासाठीही. पावसाळ्यात तर या वाटेला जाऊच नका.

कुणी जावं? ज्याला दोन दिवस आंघोळ नसली तरी चालते, त्याने. लहान मुलं नेता येतील, पण सतत हात धरून. घरात बीपीची गोळी घेणारं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि हे लक्षात घ्या की काही झालं तर दहा किलोमीटर चालल्याशिवाय गाडी नाही. बाकी कपडे मी नेले त्याच्या निम्मे न्या. कुकर, खुरपं, चिमटे, जुनी साडी, डोक्याला लावायचा टॉर्च हे न्याच. पोळ्या दोन दिवसांच्या नेता येतात, दुधात मळलेल्या. जागेला पाचपैकी पाच देते. तंबूला दीड, तोही चिमट्यांमुळे.

निघायच्या सकाळी गाईडने एक रिकामी गोणी काढली. आपला कचरा आपणच खाली न्यायचा. मी आमचा भरला आणि मग धोंड्यांच्या सांदीतलाही उपसायला लागले. नूडल्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, एका चपलेचा पट्टा, आणि खोचून ठेवलेलं लहान मुलाचं डायपर. राजम्याची चार मुलंही लागली हाताला. गुशैणीला भाजीवाल्याच्या काट्यावर मी ती गोणी ठेवायला लावली, सवयीने. दोन किलो सहाशे ग्रॅम. आमचा त्यातला जेमतेम अर्धा किलो असेल. भाजीवाल्याने विचारलं, "क्या भाव?"